अण्णा आणि पुट्टी

लहान मुलाशी बोलायचं तर अण्णा आधी जमिनीवर बसत. गुडघे दुखायचे, बसताना भिंतीला हात लावावा लागे, तरी उभ्याने कधी बोलले नाहीत. मग दोन्ही हात पुढे करून विचारत, "येतेस का पुट्टी?" पुट्टी म्हणजे कानडीत छोटी मुलगी. मुलीने मान फिरवली की म्हणत, "सरी, मग उद्या." तिला ओढून घेणं, गालगुच्चा घेणं त्यांच्याकडे नव्हतंच.

अण्णा मूळचे निपाणीचे. सरकारी कारखान्यातली नोकरी संपवून हेब्बाळला आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहत. आमची मीरा वेळेआधी जन्मली आणि बरेच दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. घरी आली तरी माझी भीती जाईना. मी तिला दूध पाजायचे, कपडे बदलायचे, आणि लगेच खाली ठेवून द्यायचे. नवरा पहाटेच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्याला कामावर जाई. दिवसभर घरात आवाज असा नसायचाच. मला हिच्याबद्दल माया का वाटत नाही, हा प्रश्न मी कुणालाच विचारू शकत नव्हते.

अण्णा एकदा सांडगी मिरच्या द्यायला आले आणि ती शांतता त्यांच्या लक्षात आली असावी. मीराशी काय बोलतेस, असं त्यांनी विचारलं. तिला काय कळणार, असं मी म्हटलं.

"शब्द नाही कळायचे. तुझा आवाज कळतो की तिला. घेवडा निवडतेस ना, मग घेवड्याचंच बोल."

दुसऱ्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन घेवड्याबद्दल बोलले. ही शेंग कोवळी, ही जून, हिला कीड. स्वतःचंच हसू येत होतं. बोलता बोलता मीरा माझ्या तोंडाकडे बघायला लागली, आणि मी गप्प झाले तशी ओठ हलवू लागली. त्या दिवशी मी तिला लवकर खाली ठेवलं नाही.

माझं ऑफिस सुरू झाल्यावर मीरा दिवसभर अण्णांकडे राहू लागली, आणि मी तिची नजर चुकवून बाहेर पडायचे. रडणं बघवत नसे. अण्णांना ते आवडलं नाही. सांगून जा, रडली तरी चालेल, संध्याकाळी तू येतेस हे तिला शिकू दे, एवढंच ते म्हणाले. पहिले काही दिवस लिफ्टमध्ये मलाच रडू फुटे. पुढे ती अण्णांच्या कडेवरून हात हलवायला लागली.

मीरा चालायला लागल्यावर ती आणि अण्णा तळ्याकडे फिरायला निघत. तळ्यापर्यंत क्वचितच पोचत. मीरा प्रत्येक गटाराच्या झाकणापाशी थांबून आत वाकून बघे, आणि अण्णा तिच्या मागे काठी टेकून उभे राहत. घाई करा म्हटलं तर म्हणत, "तिचं बघून होऊ दे की."

गेल्या उन्हाळ्यात अण्णांचा मुलगा त्यांना कायमचं धारवाडला न्यायला आला. आभाराची दोन वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. खाली उतरले तर मीरा खांद्यावर गाढ झोपलेली. ती वाक्यं आठवेनात, म्हणून मी तिलाच त्यांच्या हातात दिलं.

ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमची पहिली मुलगी अशीच लवकर आली होती. त्या वेळी आईबापाला आत सोडत नसत. काचेतूनच बघितली. हातात आली ती गेल्यावरच."

इतक्या वर्षांच्या शेजारात हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगाही मान खाली घालून ऐकत होता. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याला मी खूण करून स्वल्प थांबायला सांगितलं, आणि मीरा आपणहून जागी होईपर्यंत आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो.