दोन प्रोसेसरचं मशीन

पट्टी अजून अर्ध्यावरही आली नव्हती आणि खाली दिसणारा उरलेला वेळ कमी व्हायचा तो वाढतच चालला होता. बबिताने खुर्ची पुढे ओढली, मागे सारली, पुन्हा पुढे ओढली. त्याने काही होत नाही हे तिला ठाऊक होतं.

सुंदररावांच्या लेकीच्या, तेजश्रीच्या, दिवाळीआधी काढीव मुहूर्तावर लागलेल्या लग्नाची फिल्म रेंडरला लावली होती. हळद, वरात, मंगलाष्टकं, ड्रोनमधून दिसणारं बिंदुसरा धरणाचं पाणी, सगळं जोडून, गाण्यावर बसवून झालं होतं. आता कॉम्प्युटर ते एकेक चित्र करून एका फाइलीत ओतत होता. संध्याकाळी बीडच्या मंगल कार्यालयात स्वागत समारंभ होता. स्टेजमागे भिंतीएवढा पडदा उभा केला होता. दिवेलागणीला फिल्म त्यावर दिसली पाहिजे, असं सुंदररावांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. गावचं राजकारण ज्यांच्या ओसरीवर ठरतं त्या माणसाने दोनदा फोन केला, तर तिसरा येईल अशी वेळ आणू नये, हे पाली गावात लहान पोरालाही कळतं.

आणि मशीन म्हणत होतं, मध्यरात्र उलटेल.

बबिताचं सासर मेंढपाळांचं. दिवाळी सरली की कळप गंगथडीला, गोदावरीच्या काठी, उतरायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. कळपाबरोबर तळावर एक बाई लागतेच. भाकऱ्या थापायला, लहान कोकरं सांभाळायला, रोज नव्या रानात बिऱ्हाड मांडायला. लग्नानंतर आठ हिवाळे ती बाई बबिता होती. मोहिनीला पाठीशी बांधून ती चालली, मग मोहिनी तिच्या मागे चालली, आणि पोरगी दरवर्षी अर्धी शाळा बुडवून त्याच वर्गात पुन्हा बसू लागली.

मग नवऱ्याने, नाथाने, कॅमेरा घेतला आणि लग्नं करायला सुरुवात केली. शूटिंग त्याला जमायचं, पण बसून काम करायचा त्याचा पिंड नव्हता. बबिताने बीडला मंजुषा नावाच्या बाईच्या स्टुडिओत जाऊन एडिटिंग शिकून घेतलं. कळपातलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ओळखणाऱ्या डोळ्यांना नवरदेवाचे मामा आणि नवरीचे काका वेगळे काढणं काही जड गेलं नाही. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा गावात राहिली. तळावर सासऱ्यांची बहीण गेली होती. ती या पावसाळ्यात वारली.

सासऱ्यांनी, सटवांनी, चुलीपाशी बसून निवाडा दिला होता. "सुंदररावअन्नाचं काम पार पाड. नाव झालं तर तू ऱ्हा घरी, पोरगी जाऊ दे शाळंत. न्हाईतर दिवाळी झाली की तळावर चल."

निवाडा रीतसर होता. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते या पट्टीबद्दल.

जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तेव्हा नाथाने पुण्याहून हे मशीन आणलं होतं. कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेलं, लोखंडी पेटीसारखं जड, आणि आत एक सोडून दोन प्रोसेसर. त्या एकेकात पुन्हा कितीतरी कोअर. दोन डोक्यांचं मशीन, असं नाथा ज्याला त्याला सांगायचा. त्याच भरवशावर तिने सुंदररावांना शब्द दिला होता. येऊन आठवडा झाला, छोटी कामं जुन्यापेक्षा लवकर झाली, म्हणून तिने खोलात पाहिलं नव्हतं.

आज पाहिलं. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा आलेख छताला टेकलेला होता, जीव तोडून काम चाललं होतं. पण खाली बारीक अक्षरांत सॉकेटपुढे, म्हणजे किती प्रोसेसर चालू आहेत त्यापुढे, आकडा होता, एक.

तिने पेटीच्या बाजूचं झाकण काढलं. आत पंख्यांखाली उष्णता ओढून घेणाऱ्या पत्र्यांच्या दोन जुड्या होत्या, एकेका प्रोसेसरवर एकेक. तिने पहिलीला बोट लावलं आणि झटक्यात काढलं. चटका बसला. दुसरीला लावलं. जेमतेम कोमट.

"ह्यो चाऱ्याला तोंडच लावंना की," ती स्वतःशीच बोलली.

दारात पाय लांब करून लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, मान वळवली. "काय झालं गं?"

"आत दोन हायेत, आत्या. एकच राबतंय. दुसरं नुसतं बसलंय."

"मग त्यात काय नवल. घराघरात तसंच आसतंय." सासूबाईंनी अंगणातल्या बाजेकडे पाहिलं. बाजेवर सटवा आडवे झाले होते. त्यांनी ऐकलं आणि कूस बदलली.

तेवढ्यात नाथाचा फोन आला. तो कार्यालयात लाईट लावत होता. "झालं का?"

"न्हाई. आन् व्हनार बी न्हाई असं दिसतंय."

"आगं अन्ना दोनदा इचारून गेले. अर्धी झाली आसल तर अर्धीच दे की."

"अर्धी हळदीवरच संपती. अन्नाच्या लेकीचं लगीन लागायच्या आधी पडदा पांढरा करू का?"

 नाथाच्या मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. "बघ काय तरी," म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने बीडच्या परमेश्वरला फोन लावला. कॉम्प्युटरचं दुकान त्याचंच, मशीनवर विंडोज त्यानेच टाकलं होतं. तिने सॉकेटचा आकडा सांगितला, चटका आणि कोमट सांगितलं.

"दोन प्रोसेसर?" परमेश्वर म्हणाला. "ताई, मला तर एकच आहे असं सांगितलं होतं. मी होम टाकलं त्याच्यावर."

"म्हंजे?"

"विंडोजचे प्रकार असतात. होम घरगुती वापराचं. एका प्रोसेसरात कितीही कोअर असू द्या, ते सगळे ते चालवतं. पण दुसऱ्या सॉकेटात दुसरा प्रोसेसर असला तर होम त्याच्याकडे बघतच नाही. दोन चालवायला प्रो लागतं."

"मग तुमी प्रो कावून न्हाई टाकलं?"

"अहो, तुमचे सासरे आले होते पेटी घेऊन. मी विचारलं, काका, कशाला वापरायचंय? म्हणाले, घरीच, नातीच्या अभ्यासाला. म्हटलं झाकण उघडून बघतो. म्हणाले, काय बघायचंय, साधंच हाय, साधंच टाका. मी पण गर्दीत होतो, नाही उघडलं. ती चूक माझी."

बबिताने फोनचा आवाज मोठा केलेला होता. अंगणातली बाज करकरली. सटवा उठून दारापाशी आले, डोक्याचं मुंडासं नीट करत.

"मीच बोललतो तसं," ते म्हणाले.

"पर कावून, मामा?"

"दुकानात चार मान्सं पेटीकडं डोळं लावून व्हती. परक्याला खरं सांगतेत व्हय? मेंढरं दोनशे आसली तर शंभर म्हनायचं, अन् शंभरातली बी निम्मी पावन्याची हायेत म्हनायचं. बापानं मला हेच शिकिवलं." त्यांनी चौकटीला हात टेकला. "अन् सून धंदा करती आसं कुठं चारचौघात सांगत बसू?"

शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघत म्हटलं. सत्यभामाबाई लसणाची पाकळी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमची नजर लागायची भीती," त्या म्हणाल्या, "तिनंच घर बुडवलं बघा."

"ताई, ऐकताय ना?" फोनमधून परमेश्वर म्हणाला. "मी प्रोचा नंबर पाठवतो. सेटिंगमध्ये जाऊन घाला, होमचं प्रो होतं, आतलं काही पुसलं जात नाही. पण चालू काम बंद करावं लागेल आणि मशीन रीस्टार्ट मागेल. बहुतेक वेळा सुरळीत होतं. पण ग्वाही देत नाही. मधेच लाईट गेली तर मशीन उठेलच असं नाही."

बबिताने पडद्याकडे पाहिलं. सकाळपासून साठवलेली ती अर्ध्याच्या आतली पट्टी. बंद केली की शून्य.

"चाललंय ते चालू दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नगं. उशिरा का व्हईना, हुईल तरी."

"उशिरा झालं तर काय उपेग, आत्या? कार्य झाल्यावर बँड लावल्यावानी."

एकदा गोदेच्या उताराशी असंच झालं होतं. अर्धा कळप पाण्यातून पलीकडे गेला आणि अर्धा अलीकडे अडून बसला. अलीकडची उतरायची वाट बघत बसलं असतं तर अंधार पडला असता. सटवांनी पार गेलेली मेंढरं पुन्हा अलीकडे आणायला लावली होती आणि सगळा कळप वरच्या पुलावरून नेला होता. तेव्हा बबिता मनात चरफडली होती. आज तिला सटवांचा राग होता, पण कळप माघारी वळवायचा असतो हे तिने त्यांच्याकडूनच पाहिलं होतं.

तिने रेंडर बंद केलं. पट्टी गेली. 

नंबर आला. एकेक अक्षर वाचत तिने तो घातला. मोबाइलच्या नेटवर गोल चक्र फिरत राहिलं, मग नेट गेलं, मग चूक म्हणून लाल ओळ आली. तिने फोन खिडकीच्या गजाला टांगला, तिथे रेंज बरी असते, आणि नंबर पुन्हा घातला. या वेळी मशीनने घेतला. पडदा निळा झाला. बंद करू नका, असं त्यावर आलं आणि टक्के हळूहळू चढायला लागले.

आणि डोक्यावरचा दिवा मंद झाला.

पंखा रेंगाळला. मशीनच्या खालची बॅटरीची पेटी टीं टीं करू लागली. ती पेटी जुनी होती, दोन मिनिटंही धरेल याची खात्री नव्हती. बबिता जागची हलली नाही. हललं तर काही सांडेल, असं तिला वाटत होतं.

"गिरनी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "शेजारच्या हनुमानानं गिरनी चालू केली."

सटवा आधीच अंगण ओलांडून गेले होते, पायात वहाणा न घालता. गिरणी भिंतीला लागूनच, खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

"हनुमाना, बंद कर जरा."

"कावून? गिऱ्हाईक बसलंय, मामा."

"बसू दे. सुनेचं मशीन चालू हाय. विजेचा दाब कमी पडला की ते मरतंय."

"पोरीच्या अभ्यासाचं ना ते? उद्या करंल की अभ्यास."

गिरणीचा पट्टा फडफडत होता.

"अभ्यासाचं न्हाई," सटवा म्हणाले. "सून काम करती त्याच्यावर. सुंदररावाच्या लेकीची फिल्म तिच्या हातात हाय. दोन प्रोसेसरचं हाय मशीन. बंद कर बे आता."

"आसं हाय व्हय," हनुमान म्हणाला. "मला आधीच वाटलतं. अभ्यासाला एवढं धूड कोन घेतंय." आणि गिरणी थांबली. ज्वारीचं पोतं घेऊन बसलेली साखराबाई तेवढ्यात विचारताना ऐकू आली, की बबिता एका लग्नाचं घेते किती. सटवा तोवर माघारी वळले होते.

दिवा पुन्हा उजळला. बॅटरीचा आवाज थांबला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. बबिताने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग मशीन उठलं.

सॉकेट, दोन.

तिने रेंडर पुन्हा लावलं आणि दोन्ही जुड्यांना आळीपाळीने बोट लावून बघत बसली. दुसरी कोमटाची ऊन झाली, उनाची चटका देऊ लागली. उरलेला वेळ झपाझप उतरत मावळतीच्या जरा पुढे येऊन थांबला. उशीर होणारच होता. पण आज होणार होतं.

सत्यभामाबाईंनी भाकर आणून टेबलावर ठेवली. बबिताने ती खाल्ली नाही. हनुमानाने गिरणी पुन्हा चालू केली नाही. साखराबाई पोतं तिथेच ठेवून गेली.

फाइल झाली तेव्हा बाहेर अंधारलं होतं. सटवांनी मोटरसायकल काढून ठेवली होती. पेनड्राइव्ह बबिताने पोलक्यात ठेवला. सटवांच्या मागे बसून ती बीडला निघाली. कार्यालयाच्या कमानीशी सुंदरराव उभे होते, हातात फोन. पाहुण्यांची पहिली पंगत जेवून उठत होती.

"सटवा, लई वाट बघायला लावली," ते म्हणाले. आवाज गोड होता, आणि तोच वाईट.

नाथाने पेनड्राइव्ह जवळजवळ हिसकावूनच घेतला. बबिता कडेला, विजेच्या वायरींपाशी उभी राहिली. पडद्यावर पाणी आलं, पाण्यावरून वरात आली. तेजश्री स्टेजवर बसल्या जागी मागे वळली ती वळूनच राहिली. मंगलाष्टकाला तिची आई रडायला लागली तेव्हा आचाऱ्याची माणसंही वाढणं सोडून उभी राहिली.

"नाथा, चांगलं झालंय रे," सुंदरराव शेवटी म्हणाले.

"तिनं केलंय, अन्ना."

सुंदररावांनी तिच्याकडे बघून मान हलवली. "थोरल्या भावाच्या पोराचं लगीन मार्गशीर्षात हाय. नारायणगडाला. तुमीच घ्या."

घरी आल्यावर सटवांनी पाय धुतले, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू ऱ्हा घरी."

दिवाळी झाली. कळप निघायच्या दिवशी घोड्यावर बिऱ्हाड चढलं. तवा, पाण्याची कॅन, जाळी, घोंगड्या. सत्यभामाबाई ओचा खोचून आल्या, हातात काठी. गुडघ्यावर त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली होती.

बबिता दारात उभी होती. मोहिनी शाळेत गेली होती. "मी येते," हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते. आले आणि तिथेच राहिले.

"गोळ्या पिशवीत ठिवल्यात, आत्या. रोज जेवल्यावर एक."

"ठिवल्यात ना. बास मग." सासूबाईंनी घोड्याची दोरी हातात घेतली. "तूप फडताळात हाय. पोरीला देत जा. आन् मशीन निजवून ठिवू नगं, मी तिकडं चालत आसताना."

कळप धरणाच्या रस्त्याला लागला. सासूबाई सगळ्यांच्या मागे होत्या, उजवा पाय जरा ओढत. वळणापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. बबिता धूळ बसेपर्यंत उभी राहिली. मग आत गेली, खुर्ची पुढे ओढली आणि नारायणगडाच्या लग्नाआधीच्या साखरपुड्याचं शूटिंग उघडलं.