लाभ, दोन, तीन

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, शिवप्पा मापाडी तीस वर्षं पोती मोजत आला. मोंढ्याच्या रीतीनं पहिल्या पोत्याला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. गप्पा मारता मारता, तंबाखू मळता मळतासुद्धा त्याचा आकडा कधी चुकला नाही. असल्या माणसाच्या मागं मोजदादच लागावी, याला काय म्हणायचं?

दिवाळीनंतर शेजारच्या आडतीवरचा ईश्वरप्पा चहाची कपबशी हातात धरून बसल्या जागी गेला. त्याच आठवड्यात घराची पायरी उतरताना शिवप्पाचं काळीज धडधडलं, एक ठोका हुकल्यासारखा वाटला, आणि भीतीनं छातीत बिऱ्हाडच केलं. लातूरला ईसीजी झाला, टू-डी इको झाला, छातीला यंत्र बांधून एक दिवस-रात्र नोंदही झाली. "हृदय ठणठणीत आहे, काका," डॉक्टर म्हणाले. "भीतीनं धडधडतं. त्याच्यावर पाळत ठेवू नका. धडधडू द्या, आपोआप निवतं." शिवप्पानं मान डोलावली आणि बसस्टँडवर पोचायच्या आत नाडी धरली. 'काही नाही' म्हणणारा डॉक्टर आपल्या लोकांना कच्चाच वाटतो.

पुढं तो पूजेतही मोजू लागला. आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि लिंगावर नजर ठेवून गप्प बसायचं, हे वडिलांपासून चालत आलेलं. त्या बसण्यात पूर्वी त्याचं मन कुठल्या कुठं जायचं. धुक्यातल्या तुरीच्या रानातून एकटाच चालल्यासारखं त्याला वाटायचं. आता त्याला पान तेवढं दिसे. ठोक्यागणिक ते बारीक थरथरे आणि शिवप्पा मनात म्हणे, लाभ, दोन, तीन. मिनिटात शंभराच्या वर गेलं की कपाळाला घाम फुटे.

"देवाला बघून राह्यलाव का पानाला?" त्याची बायको केवळाबाई एकदा म्हणालीच. त्याला लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशीही त्यानं पानच पाहिलं.

यापेक्षा मोठं दुखणं घरातच होतं. लेक उज्वला बाळंतपणाला माहेरी आली होती. नात दीड महिन्याची झाली, सोमवारी मायलेकी शिरूर अनंतपाळला सासरी निघणार होत्या, आणि शिवप्पानं नातीला अजून एकदाही उचललं नव्हतं. हातात असताना आपलं काळीज थांबलं तर लेकरू पडेल, हे तो कुणाशी बोलला नव्हता. उज्वलानं आपला अर्थ लावला होता.

रविवारी दुपारी घरभर ओव्याच्या धुरीचा वास भरून राहिला होता. भिंतीवर उन्हाचा कवडसा हळूहळू सरकत होता आणि सगळं घर पेंगत होतं. उज्वला लेकरू घेऊन बापापुढं बसली.

"अप्पा, पोरगी झाली म्हणून घेईनात का तुमी?"

"न्हाई गं माय," शिवप्पा म्हणाला. "मला भ्या वाटतंय. घेतल्यावर माझं काळीज थांबलं तर?"

उज्वला डोळे पुसून उठली. "भिंतीला टेकून बसा. खाली गोधडी हाय. मी हितंच बसते."

तिनं लेकरू त्याच्या छातीवर ठेवलं. काळीज उसळलं. सवयीनं तो सुरू झाला, लाभ, दोन, तीन. तोच तळहाताखाली, नातीच्या इवल्या पाठीत, दुसरं काहीतरी टकटकायला लागलं. ते इतकं भरभर चाललं होतं की जन्मभर मोंढा मोजलेल्या माणसाचा आकडा चाळीसपर्यंत जायच्या आतच चुकला.

"उज्वला, हिचं तर माझ्याहून पळून राह्यलंय."

"लहान लेकराचं तसंच असतंय अप्पा. दवाखान्यातली सिस्टर सांगत होती."

आणि पोर तर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. शिवप्पानं पुन्हा 'लाभ'पासून धरलं, पुन्हा चुकला. कोणता ठोका आपला, कोणता हिचा, तेही कळेना. त्याला फार बरं वाटलं. कवडसा भिंतीवरून उतरून त्याच्या पायांवर आला तरी तो हलला नाही.

सोमवारी पूजेत पान थरथरलंच. थोड्या वेळानं दारात जीप आली. पायरीशी उज्वलानं लेकरासाठी हात पुढं केले. शिवप्पाची छाती धडधडत होती.

"राहू दे," तो म्हणाला, "गाडीपत्तर मीच घेतो." आणि नातीला छातीशी धरून तो पायरी उतरला.