अगं, दार लाव!

मॅडम आणि सर एकाच वर्गात, एकाच वेळी शिकवत. मॅडम व्यवस्थापनाच्या, सर पदार्थविज्ञानाचे, आणि दोघं नवरा-बायको. उद्योजकतेच्या त्या तासाला अर्धी मुलं एमबीएची, अर्धी एमएस्सीची. मॅडम म्हणत, "हे बाजारात चालेल," की खिडकीशी टेकलेले सर म्हणत, "आधी चालू तर होऊ दे!" पोरं खदखदून हसत. घरचं भांडण फुकटात बघायला मिळे, वर गुणही मिळत.

सर गेले. हृदयानं दगा दिला. तास मॅडमच्या एकटीच्या गळ्यात आला. शिकवण्यात कसूर नव्हती, पण "हे बाजारात चालेल" एवढं बोलून त्या थांबत. खिडकीकडे बघत नसत, तेवढ्या भोळ्या नव्हत्या. नुसत्या थांबत. नव्या मुलांना वाटे, मॅडम पुढचं विसरल्या.

प्रयोगशाळेतल्या फ्रीजवर मात्र सर होते. दार उघडं राहिलं की बोलणारी डबी एका जुन्या तुकडीनं बनवली होती. आवाज कुणाचा द्यायचा यावर पोरांचा वाद चालला असताना सरांनी माईक ओढून घेतला आणि नेहमीसारखे मॅडमवर खेकसले, "अगं, दार लाव!" तेच कायम झालं. दाराचं रबर सैल. जोर लावून ढकलल्याशिवाय ते लागत नसे, आणि लागेपर्यंत डबी ओरडत राही. शिपायालाही अगं, विभागप्रमुखांनाही अगं.

यंदा एका जोडीनं हीच डबी धंदा म्हणून उचलली. मुलगी पदार्थविज्ञानाची, हट्टी. मुलगा एमबीएचा, बोलघेवडा. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठ डबी काखोटीला मारून दोन-चार दिवस दुकानं फिरला. त्या दिवसांत मॅडम सगळ्यांवर विनाकारण करवादत होत्या.

"मॅडम, दुकानदार चिडतात," शेठ परत येऊन म्हणाला. "एवढा मिशीवाला माणूस, त्याला डबी म्हणते अगं! एकानं विचारलंच, मी कुणाची बायको वाटतो का?"

"मग?"

"आवाज पुसून दुसरा भरू. एकच वाक्य मावतं हिच्यात."

"आवाजात काय वाईट आहे? लक्ष जातंय ना?"

मुलगी मध्ये पडली. "तुम्हीच शिकवलंत, मॅडम. आपल्याला काय आवडतं ते घरी ठेवायचं, गिऱ्हाइकाचं ऐकायचं."

"मला माझंच शिकवू नकोस. दुकानं पुन्हा फिरा."

दोघं पुन्हा फिरली. दुकानदार पुन्हा चिडले. मॅडमनी त्यांना तिसऱ्यांदा पिटाळलं. सरांना फोटोसुद्धा काढून घ्यायला आवडत नसे. त्यांचा आवाज त्या डबीशिवाय कुठंच नव्हता. हे मॅडमनी कुणाला सांगितलं नाही.

डबी फ्रीजवर परत आली, आणि त्यात फ्रीजमधले जीवरसायनवाल्यांचे नमुने नासले. दार तासन्‌तास उघडं राहतंय आणि डबी गप्प बसते, असा बोभाटा झाला. खापर मुलीवर फुटलं. तिनं सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. पुन्हा नमुने नासले.

"तुझं यंत्रच थापाडं!" शेठ म्हणाला.

"आधी तुझी जीभ तपास!" असं म्हणून तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्या संध्याकाळी मॅडम उघड्या फ्रीजसमोर स्टूल ओढून बसल्या होत्या. थंड वाफ पायांवर उतरत होती. अगं, दार लाव. अगं, दार लाव. मागे चाहूल लागली. मुलगी विसरलेली बॅग न्यायला आली होती. मॅडमनी उठायचं सोंग केलं नाही.

"रोज बसते," त्या म्हणाल्या. "नमुने माझ्यामुळे नासले. तुझा सेन्सर चांगला आहे."

मुलीनं पुढे होऊन दार ढकललं. खोली इतकी गप्प झाली की ती अपराध्यासारखी उभी राहिली.

"मी सरांचा आवाज फोनवर घेऊन देते ना तुम्हाला. कधीही ऐका."

"फोनवर नको. फोनवर ते कशाला ओरडतील? तिथं दार कुठंय?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भर वर्गात सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. जीवरसायनवाले धुसफुसले. शेठनं कान पकडून मुलीची माफी मागितली. मग मॅडम म्हणाल्या, "पुसा. आत्ता, माझ्यासमोर."

पुसायला एका शिंकेएवढाही वेळ लागला नाही.

"नवा आवाज तुमचाच द्या, मॅडम," शेठ म्हणाला. "दरारा आहे."

माईक तोंडाशी आला. मॅडमनी ठरवून काही म्हटलं नाही. जिभेला सवय होती तेच बाहेर पडलं, "अहो, दार लावा!"

"झकास! अहो म्हटलं की कुणालाच राग येणार नाही." शेठ खूश झाला. मुलीनं मॅडमकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

संध्याकाळी डबी फ्रीजवर लावून, दिवे घालवून तिघंही निघाली. जिन्यात असताना वरून मॅडमचाच आवाज आला. "अहो, दार लावा!"

"रबर बदलायलाच हवं," मुलगी वळली. "मी लावून येते."

"थांब."

"अहो, दार लावा! अहो, दार लावा! अहो..."

आणि आवाज अर्ध्यातच तुटला. वर दार धाडकन लागलेलं तिघांनीही ऐकलं.

शेठनं कठडा घट्ट धरला. "वर कोण आहे?"

मॅडम उतरायला लागल्या होत्या.

"पहिल्या हाकेला कधी लावलंय त्यांनी," त्या म्हणाल्या.