भोंगा, बगळा आणि वेल्डिंगची काच

सिमेंटच्या बगळ्याला जिवंत करायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा तो आमच्या अंगणातल्या पेरूखाली निवांत उभा होता. रंग कधीच गेलेला, पंखांवर शेवाळ, चोचीचा टवका उडालेला, आणि एका पायातला गज उघडा पडून गंजलेला.

बगळा माझा नव्हता, हे आधीच सांगतो. माझे सासरे साखर कारखान्यात गवंडी होते. उरल्यासुरल्या सिमेंटमधून त्यांनी तो कॉलनीतल्या क्वार्टरसमोर घडवला आणि डोळ्यांच्या जागी लेकीच्या दोन गोट्या बसवल्या. सासरे गेले, क्वार्टर सुटलं, आणि बायकोने माहेरून एवढीच वस्तू आणली. दर दिवाळीला ती त्याच्यापुढे एक पणती ठेवते. माझ्यापुढे कधी ठेवलेली आठवत नाही.

मुलाने नवा मोबाइल घेतला आणि जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. मी मोबाइलवर शिकवण्या बघू लागलो. लेन्सपुढच्या काचेला व्हॅसलीन फासलं की कडा धुकट होतात म्हणे. माझं बोट घसरलं आणि धुकं मधोमध बसलं. दवबिंदूंसाठी बगळ्यावर ग्लिसरीन शिंपडलं, तर मुंग्यांची रांग थेट चोचीपर्यंत गेली. लाल जिलेटिनमधून बॅटरी मारली, तर बगळा खाटकाच्या दुकानात टांगल्यासारखा दिसला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "मन्हा बापनी बगळा बनाडा व्हता, तुम्ही त्याना तमाशा करी ऱ्हायनात."

मग मला वाहत्या पाण्याची युक्ती सापडली. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवली, की जे हलतं त्याचा धूर होतो आणि जे स्थिर असतं ते लख्ख उमटतं. नदीत बगळा ठेवायचा. पाणी धुक्यासारखं आणि मधे ध्यानस्थ बगळा. भर उन्हात इतका वेळ झडप उघडी ठेवायला लेन्सवर काळी काच लागते. ती महाग, म्हणून मी वर्कशॉपमधल्या ओळखीच्या माणसाकडून वेल्डिंगची काच आणली आणि रबरबँडने बांधली.

प्रकाशा गावाला, तापीकाठी जायचं ठरलं. श्रावणातली उघडीप होती, तिथल्या बॅरेजचे दरवाजे बंद होते आणि खालच्या अंगाला पाणी गुडघ्याखाली होतं. बायको बगळ्याबरोबर आली. टेम्पोत तिने त्याच्या मानेखाली गोधडी दिली होती. टेम्पोवाल्याने आणि मी मिळून तो पाण्यात उभा केला, आणि टेम्पोवाला चहाला निघून गेला.

"त्याले काही व्हयनं, ते तुम्ही घर येऊ नका," बायको पायरीवर बसत म्हणाली.

कॅमेऱ्याची तिवई खालच्या पायरीवर लावली. दोन मिनिटांची वेळ लावून बटण दाबलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. तेवढ्यात भोंगा झाला.

आमच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाला भोंगा झाला की एकच सुचतं. पाळी बदलली, घड्याळ लावून घ्या. माझ्या मनगटावर पावणेअकरा झाले होते. मी काटा अकरावर आणला. इतक्या लांबूनही आपला भोंगा ऐकू येतो, याचा मला थोडा अभिमानही वाटला. बायकोनेही पदराखालून घड्याळ काढलं आणि किल्ली फिरवली. मग तिचा हात थांबला.

"ओ," ती म्हणाली, "कारखाना ते बंद शे ना?"

बंद होता. उन्हाळ्यातच बंद झाला होता. पलीकडे डुंबणाऱ्या म्हशी कोणी न हाकता पाण्याबाहेर निघत होत्या. भोंगा पुन्हा झाला, आणि मला कळलं की तो बॅरेजचा आहे. दरवाजे उघडत होते.

शहाणा माणूस मागे फिरला असता. मी पुढे धावलो, कारण मला फक्त ते 'घर येऊ नका' ऐकू येत होतं. बगळ्याला कवेत घेतलं आणि जोर लावला. तो दोन माणसांनी उतरवला होता, हे मला पाठीत कळ आल्यावर आठवलं. पाणी गढूळ झालं. आधी काडीकचरा आला, मग पाणी मांड्यांना लागलं. पायाखालची वाळू सरकत होती. मी पुन्हा जोर लावला. बगळा तसूभर हलला नाही.

बायको चपला टाकून शेवटच्या पायरीवर आली होती. "सोडा त्याले."

"तुन्हा बापना शे."

"बाप गया, बगळाबी जाऊ द्या. तुम्हले कोन काढी?"

तिचा आवाज चिरकला होता. लग्नानंतर मी तिचा तसा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मी हात सोडले. परतताना दोनदा आपटलो, तिच्या पदराचं टोक हाताला लागलं आणि तिने मला ओढलं. दोन मिनिटं भरून झडप मिटली तसा कॅमेरा तिने तिवईसकट काखेत मारला होता.

आम्ही वरच्या पायरीवर बसलो. पाणी बगळ्याच्या पोटाला लागलं. मग मानेला. तो गंजलेला गज किती वेळ तग धरेल, यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. बायको पापणी न हलवता बघत होती. शेवटी नुसती चोच उरली, आणि मग तीही दिसेना. पाणी ओसरल्यावर आम्ही पुन्हा जाऊन शोधलं. चोचीचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

कितीतरी दिवस तिने त्याचं नाव काढलं नाही. मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला होता. एक दिवस तिनेच तो बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला.

आत त्या दिवसाचा एकच फोटो होता. वेल्डिंगच्या काचेने सगळं हिरवं केलेलं, नदीचं दूध झालेलं, आणि मधे बगळा. शेवाळ, टवका, गंज, डोळ्यातली गोटी, सगळं रेखीव. दोन झटापटी करूनही मी त्याला हलवलं नव्हतं, याचा तो पुरावाच होता. त्याच्याभोवती एक पांढुरका लोट तेवढा होता.

बायकोने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "बापनं काम पक्कं व्हतं," ती म्हणाली. मग लोटावर बोट ठेवलं. "आनि हाई काय शे?"

"तो मी."

फोटो तिने मोठा करून बैठकीत लावला आहे. यंदा दिवाळीला त्याच्यासमोर पणती ठेवताना मी मागे उभा होतो. तिने फोटोतल्या बगळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फोटोमा तो ऱ्हायना, घरमा तुम्ही ऱ्हायनात," ती वात सारत म्हणाली. "उलटं जमतं ते चांगलं व्हतं."

मग तिने दुसरी पणती माझ्या हातात दिली आणि ती पेरूखाली, त्याच्या जागेवर ठेवून यायला सांगितलं.