सापांविना मोक्षपट

नेवाशाच्या बाजारात पाट्या रंगवणारे एक गृहस्थ होते. चार जणांचे ऐकल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी सापशिडीसारखा जो मोक्षपट रंगवला, तो मंदिरात खेळून खेळून पुसला गेला. तेव्हा विश्वस्तांनी दुसरा, मोठा पट सांगितला आणि देखरेख माझ्याकडे सोपवली.

आरंभीच 'लाच' हा साप तलाठ्यांच्या विनंतीवरून गेला. 'खोटे माप' वाण्याला खुपले. 'मद्यपान' पाटलांच्या जावयाखातर आखूड होत गांडुळाएवढे उरले आणि शेवटी तेही गेले. प्रत्येक वेळी ते रंगवणारे गृहस्थ मला नम्रपणे म्हणत, "शास्त्रीबुवा, मानसं दुखवून कसं चालंल? उद्या पाट्या त्यांच्याच रंगवायच्या हायत."

एकादशीच्या सकाळी पट मांडला, तेव्हा शिड्यांच्या गर्दीत एकच साप शिल्लक होता, 'दंभ'. त्याच्या जबड्याशी गंध लावलेला, उपरणे पांघरलेला एक वृद्ध बसला होता. तो मला फारच ओळखीचा वाटला.

"ह्याची तक्रार अजून कुनी केली न्हाई," ते म्हणाले.

मी शांतपणे म्हणालो, "रेखाटन उत्तम आहे. पण हा एकटाच पटाची शोभा घालवतो."

पांढऱ्या रंगात बुडवलेला कुंचला त्यांनी आधीच हाती धरला होता.