निळ्या अस्तराखाली

ज्या घराखाली पाणी श्वास घेतं, त्या घरात माणसाने आवाज न करता राहावं. हे वाक्य एखाद्या उपनिषदात शोभलं असतं, पण ते मी रचलं आहे, बागेत रबरी बूट घालून उभी असताना. आणि आमच्या घरात आवाज न करता कुणीच राहत नाही.

जर्मनीत नेकारसुल्मजवळचं हे घर आम्ही एका वृद्ध विधवा बाईंकडून घेतलं. मागे त्यांच्या यजमानांनी स्वतः बांधलेला पोहण्याचा छोटा तलाव होता: काँक्रीटचा हौद आणि आत निळं विनाइलचं अस्तर. किल्ल्या देताना बाईंनी माझा हात हातात घेतला. "तलावाचं पाणी पूर्ण काढू नका. कधीच." मग तलावाकडे न बघता तेच पुन्हा म्हणाल्या. माझा नवरा म्हणाला, "गेनाऊ." बरोबर, अगदी तसंच, अशा अर्थाचा हा शब्द तो पटलं की वापरतो, आणि कळलं नाही की जास्त वापरतो. गाडीत बसल्यावर म्हणाला, "हळव्या आहेत गं. नवऱ्याची आठवण."

आणि दर एप्रिलला त्याने तलाव पूर्ण रिकामा केला. पुण्याच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला वर्षभर साठलेलं पाणी बघवत नाही. टाकी रिकामी करायची, घासायची, तळ स्वच्छ दिसला पाहिजे. इथले लोक हिवाळाभर तलाव भरलेला ठेवतात, याची त्याला मनापासून कीव यायची.

तिसऱ्या वर्षी मार्चभर पाऊस होता. एप्रिलमध्ये तलाव रिकामा झाल्यावर आमची आठ वर्षांची मुलगी ब्रश घेऊन आत उतरली. मी वर पाइप गुंडाळत होते. तिच्या पायांखालचा तळ हळूच वर आला. आवाज काही झाला नाही. पांघरूण घेऊन झोपलेला माणूस कूस बदलतो, तसा अस्तराखाली एक लांबट उंचवटा सरकला आणि तिच्या टाचेशी येऊन थांबला. ती शिडीने वर आली, ब्रश जागेवर ठेवला आणि म्हणाली की खाली कुणीतरी आहे. जर्मनमध्ये म्हणाली, मराठी तिला सगळी कळते, पण उत्तरं जर्मनमध्येच येतात.

"हवा आहे," नवऱ्याने जाहीर केलं. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. "उन्हाने फुगते."

ऊन नव्हतं.

संध्याकाळी मी एकटी उतरले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि सत्यनारायणाला मी शिऱ्यासाठी जाते. उंचवट्यावर तळहात ठेवला. थंडगार. दाबला तर दबला, आणि मग सावकाश त्याने मला परत ढकललं. त्याच वेळी पलीकडे, खोल टोकाला, गुडघा वर करावा तसं काहीतरी उचललं गेलं. मी हात काढला. गुडघा खाली गेला. मी विज्ञान शाखेची पदवीधर. मी "सॉरी" म्हणाले.

तलाव भरल्यावर तळ सपाट झाला. पण मुलगी पाण्यात उतरेना. आधी तिला बाहेर काढायला आइस्क्रीमची लाच द्यावी लागायची. आता ती मोजे घालून काठापासून लांब बसायची. मग शाळेच्या तलावातही जाईना. वर्गाच्या बाईंचा फोन आला की ती भिंतीला टेकून रडते. शॉवरखाली उभं राहण्याआधी ती पायाने फरशी चाचपायला लागली, तेव्हा मला खरी भीती वाटली. तिच्या पायाखालची सगळीच जमीन गेली होती.

ऑगस्टमध्ये पायरीजवळ अस्तर फाटलं. तसंही जुनं होऊन कडक झालं होतं, बदलायचं ठरलं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या.

"आधी नारळ फोड," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, खाली हवा आहे."

"हवा कूस बदलत नाही."

मुलीची एकच अट होती: खालचं सगळं तिला दिसलं पाहिजे. ती स्वयंपाकघराच्या दारात बसली. तलाव उपसला तसा तळ पुन्हा वर आला, या वेळी जास्त उंच. नवरा सुरी घेऊन उतरला. पातं आत गेल्यावर खालून एक लांब उसासा आला आणि शिळा, आंबूस वास. उंचवटा खचत गेला. अस्तर बाजूला केलं, तर त्याखाली अंथरलेली करडी, जाड फेल्ट कापडाची चादर गोळा होऊन आडवी पडली होती, पाय पोटाशी घेतल्यासारखी. सासूबाईंनी डोळे मिटले.

चादर उचलली. खाली काँक्रीटला भेग होती आणि भेगेतून स्वच्छ पाणी घाई न करता वर येत होतं.

मी घराच्या जुन्या मालकीणबाईंना फोन केला.

"भूजल," त्या म्हणाल्या. "तलाव भरलेला असला की वजनाने दबून राहतं. म्हणून तर सांगितलं होतं, पाणी काढू नका."

"पण कारण नाही सांगितलंत."

"तुमचे यजमान गेनाऊ म्हणाले. मला वाटलं, इंजिनियर आहेत."

पाणी उपसून भेग बुजवली, नवी चादर अंथरली. नवं अस्तर उन्हात मऊ करून कडेच्या पट्टीत अडकवलं आणि त्याच्या मागची हवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली. ते भिंतीला चिकटत गेलं, एकेक सुरकुती मिटवत. मग नळ सोडला.

पाणी मांडीपर्यंत आल्यावर मुलगी काठाशी आली. "ते आता कुठे गेलं?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हवा म्हणतो.

"तिथेच आहे," तो म्हणाला. "खाली."

"घराखालीपण?"

"घराखालीपण."

सासूबाईंनी पाय वर घेतले. मुलीने मात्र मान डोलावली, शेजाऱ्यांची ओळख करून दिल्यासारखी. ती शिडीने उतरली, तळावर टाचेने दोनदा ठोकलं आणि वाट बघितली. आम्ही कुणी श्वास घेत नव्हतो. तळ हलला नाही. मग तिने स्वतःला पाण्यावर सोडून दिलं, पाठीवर, हात पसरून, आणि सासूबाईंनी हात जोडले.

नळाचं पाणी बर्फासारखं होतं. ती लगेच बाहेर आली आणि आठवडाभर शिंकत होती.