चेक इंजिनच्या दिव्यावर लावलेली टिकली

मंडळी, आजच घडलंय, लगेच लिहिते.

सकाळी रहाटणीहून चाकणला कंपनीत निघाले होते. मागच्या सीटवर लेक झोपलेली, तिला वाटेत आईकडे सोडायचं होतं. चाकणच्या अलीकडे गाडीचा पिकअपच गेला. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी गाडी ढिम्म, आणि मागे कंटेनरचा हॉर्न! कशीबशी कडेला वाळक्या गवतावर घेतली.

समोरच्या गॅरेजमधले सलीमभाई धावत आले. खाली वाकले आणि ओरडलेच, "ताई, पोरीला बाहेर काढा! गाडी गवतावरून हलवा!"

लेकीला बाहेर काढलं, गाडी ढकलून डांबरावर आणली. खालचं गवत काळं पडून धुमसत होतं.

थंड झाल्यावर त्यांनी इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. "हवाच येत नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोकअप झालाय, धुराला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून एवढा तापला. चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता?"

लागला होता. महिनाभर. डोळ्यांत खुपतो म्हणून मीच त्यावर टिकली चिकटवली होती. आणि कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, राव!

आता लेक विचारतेय, "आई, गाडीला टिकली का लावलीस?"

सांगा, काय उत्तर देऊ तिला?